हरी, ती पकड का सोडलीस?

प्रिय हरी,

गुरुवारी तुझ्या ओट्यावर दोन तास बसलो. जनीवहिनींनी दोनदा चहा दिला, पालेगावात किती टॉवर झाले ते तू मोजून दाखवलंस, आणि ज्यासाठी आलो होतो ते न विचारताच मी रिक्षात बसलो. साठीला आलेला माणूस मी, पण तुझ्यासमोर तोंड उघडेना. म्हणून लिहितोय. मनात सगळा गुंता आहे, मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

चौऱ्याण्णव सालची अंबरनाथची आपली शेवटची कुस्ती. जिंकणाऱ्याला कारखान्यात नोकरी मिळणार होती. मी जिंकलो. त्या नोकरीवर घर झालं, मुलं शिकली, निवृत्त झाल्यावर कॅम्प पाचच्या वस्तीत तालीम काढली. आधी कारखान्यात, मग तालमीत येणाऱ्या प्रत्येकाला ती कुस्ती मी सांगत आलोय. पालेगावच्या हरीने कब्जा घेतलेला, मी खालून उसळलो, ढाकेचा डाव मारला, मारताना माझा खांदा निखळला तरी सोडलं नाही, हरी चीतपट! एकतीस वर्षं सांगतोय, आणि खोटं सांगतोय असं एकदाही वाटलं नाही रे. एवढं तरी मान.

माझी एक शिष्या आहे, भावना. एकोणीस वर्षांची, वडील जीन्स शिवतात, पोरगी फार गुणी. बदलापूरला माझा सत्कार ठरला होता. तिथे दाखवायला म्हणून तिने त्या दिवसाची कॅसेट शोधली. कॅम्प तीनच्या ज्या सिंधी फोटोवाल्याने शूटिंग केलं होतं, त्याच्या माळ्यावर ती पडून होती. मोबाइलवर उतरवून घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यात ढाक कुठंय?"

नाहीये. मी वीसेकदा पाहिलं. मी खाली आहे, उजवा हात तुझ्या काखेत अडकलाय. मग तो हात एकदम लुळा पडतो. तू थांबतोस. माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलतोस. पकड सैल होते, आणि तू मला अंगावर घेऊन स्वतःच पाठीवर जातोस. पंच शिट्टी मारतात. लोक मला खांद्यावर घेतात. तू लंगोटाची माती झटकत फडाबाहेर जातोस, कॅमेरा तुझ्यामागे जातही नाही.

त्याच कॅसेटमध्ये पुढे त्या मोसमातल्या तुझ्या आणखी तीन कुस्त्या आहेत. तुला आम्ही भाताचं पोतं म्हणायचो, आठवतं? हलत नाही, डाव टाकत नाही, नुसता उभा राहतो. आता पाहतो तर तू एक पाऊल फुकट टाकत नाहीस. समोरचा दमेपर्यंत वाट बघतोस आणि एकदाच धरतोस. बदलापूरच्या जत्रेत तुझ्या दीडपट वजनाचा गडी तू दोन मिनिटांत पाडलास. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याने तुझं गाव पालेगावऐवजी पालघर छापलं, तरी तू हसत होतास. भावना म्हणाली, "सर, ये बंदा तो भारी था. यांचं नाव कसं कुणाला माहीत नाही?" तुझं नाव लोकांपर्यंत माझ्याच तोंडून जात होतं, आणि मी सांगत होतो ते पडलेल्या माणसाचं.

गुरुवारी रिक्षापर्यंत वहिनी सोडायला आल्या. माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं. हळूच म्हणाल्या, "त्यांना इचारू नका. तुमचा खांदा गेला, त्यो आवाज यांनी आयकला. मोडल्या हातावर कुस्ती घ्यायची नाय, म्हनले. मी लय भांडले, नोकरी गेली म्हनून. पन ते कवा बोलले नाय."

तेव्हापासून माझं मलाच कळेनासं झालंय. तुझ्या पाया पडावं असं वाटतं, आणि तुझा रागही येतो. पंचांना माझा निखळलेला हात दाखवला असतास तर कुस्ती तुझीच होती. मग जीन्सची गाठोडी टेम्पोत चढवण्यात तुझा जन्म गेला नसता. तू माझ्यावर उपकार केलेस, की मला बरोबरीचा मानलंच नाहीस? कानात काय बोललास? मी ते ऐकलं आणि विसरलो, की विसरायचं ठरवलं? मी कुस्तीगीर होतो की नाही, हेही आता नक्की सांगता येत नाही.

सत्काराला मी नकार कळवलाय. कारण दिलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तू ठरव. पण गुरुवारी मी यासाठीही आलो नव्हतो. पुढच्या महिन्यात भावनाची राज्य संघासाठी निवड चाचणी आहे. तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी तिने तो व्हिडिओ थांबवला, तुझ्या हातांवर बोट ठेवलं आणि मला न दुखावता, खूप जपून विचारलं, "सर, मी यांच्याकडे शिकू?" हरी, तालमीची एक किल्ली या पाकिटात घातली आहे. पहाटे पाचला पोरं येतात. ती पकड मला शिकवता येत नाही. मी फक्त तिच्याखाली सापडलो होतो.

तुझाच,
देवदत्त