आतली कडी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (आता वाकता येत नाही. खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागेवर आहेत, कामावर मात्र एकच येतो.

तू विचारलंस, घर सोडून इथे वृद्धाश्रमात येऊ का. तर इथे सगळं झकास आहे. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. मुलाच्या घरी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, इथे सगळे बोलतात, ऐकू मात्र कोणाला येत नाही. गैरसोय एकच होती. न्हाणीघराला आतून कडी नव्हती. म्हातारी माणसं पडतात म्हणून व्यवस्थापकबाईंनी सगळ्या कड्या काढून टाकल्या. (सूनबाईनेही घरी हेच केलं होतं.) जन्मभर लोकांना कुलपं विकली आणि आता अंगाला साबण लावून ‘आत आहे, आत आहे’ असं ओरडत बसायचं! कामवाली मावशी बादली घेऊन सरळ आत येते, वर म्हणते, “लाजताय काय आजोबा, तुम्ही मला बापासारखे.” अगं, पण तिच्या बापाने तरी कडी लावलीच असेल ना?

शेवटी दुकानाच्या जुन्या पेटीतली एक पितळी कडी काढली आणि दुपारी सगळीकडे निजानीज झाल्यावर बसवून टाकली. आमच्या खोलीतल्या चौघांना स्वर्ग दोन बोटं उरला. शेजारच्या खाटेवरचे हेडमास्तर तर आत जाऊन नुसतेच बसायचे. इथे आल्यापासून पहिल्यांदाच एकटा बसलो, म्हणाले. मग आम्ही नियमच केला : कडी लागलेली असली की दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, आणि मावशी बादली घेऊन आली की तिला बोलण्यात गुंतवायचं, पत्ता लागू द्यायचा नाही.

गेल्या मंगळवारी हेडमास्तर आत गेले ते बाहेर येईनात. आम्ही तिघं टॉवेल खांद्यावर टाकून उभे. आत परिपाठ घेत असतील, असं मीच म्हणालो आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढे दाराखालून पाणी यायला लागलं तेव्हा हाक मारली. मग पेटी आणली, पण स्क्रूड्रायव्हर काही केल्या दाराच्या फटीत शिरेना. लोकांची अडकलेली दारं उघडून पोट भरलं मी, ताई, आणि हे एक दार मला उघडेना. शेवटी माळ्याने आणि रखवालदाराने लाथा घालून फोडलं. फळी तुटली, कडी शाबूत. (दुकान चालू असतं तर गिऱ्हाइकांना दाखवली असती.) हेडमास्तर गेले होते. आम्ही हसत होतो तेव्हा ते होते की नव्हते, हे कोणालाच सांगता येत नाही. मला राहून राहून रडू येतं. त्यांचा मुलगा सामान न्यायला आला होता. बाबा फोनवर तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचे, म्हणाला आणि माझ्या पाया पडला. कडी कोणी बसवली, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता.क. : तू इथे येऊ नकोस. चालणार असेल तर मीच तुझ्याकडे येतो. भाजी चिरीन, भांडी घाशीन, आणि तू न्हाणीघरात गेलीस की दारापाशी बसून सारख्या हाका मारीन. चिडलीस तरी मारीन.

पुन्हा ता.क. : मी येईपर्यंत आंघोळीला कडी लावू नकोस, आणि घराची एक किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे देऊन ठेव. तू म्हणशील, मी एकटी राहते, कडी लावली काय नि न लावली काय, मला बघायला येतंय कोण? अगं, तेच तर म्हणतोय मी.