आपण विकलेल्या गाडीच्या मागच्या दाराविषयी

मेहुणेसाहेब सेंतोंगो यांस,

मसाक्याच्या अलीकडच्या फाट्यावरून शिंपी कावुमाचा अदबीने नमस्कार. आपण कसे आहात? वहिनी, मुलं आणि कंपालाच्या त्या तारेच्या कुंपणात रांगेने उभ्या असलेल्या आपल्या गाड्या, सगळ्यांची तब्येत बरी आहे ना? इकडे केळीला चांगले घड लागलेत, कॉफी अंगणात वाळत पडली आहे आणि शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचं काम अंगाबाहेर आलं आहे. आपली बहीण तेझीरा परीक्षेचे पेपर तपासायच्या शिबिरात गेली आहे. तिथे तीन आठवडे कुणाला बाहेर सोडत नाहीत आणि फोनही काढून घेतात, त्यामुळे घरात इतकी शांतता आहे की मीच मधूनमधून मोठ्याने खोकतो. हे पत्र पाठवण्याचं कारण म्हणजे आपण फोन उचलत नाही. (गाडी विकणाऱ्याने ती घेणाऱ्याचा फोन उचलू नये हे मला समजतं. शर्ट आखूड झालेले मास्तर दिसले की मीही दुकानाच्या मागच्या बाजूने निघून जातो.) अक्षर जागोजागी थरथरलेलं दिसेल. त्याचा खुलासा पुढे येईल, तोवर काळजी करू नये.

आता गाडी. चौदा महिन्यांपूर्वी ती चंदेरी गाडी माझ्या हाती देताना आपण म्हणाला होतात, की ही जपानातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची, तो फक्त रविवारी प्रार्थनेला जायचा. मी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आणि अजूनही ठेवतो. माझं म्हणणं एवढंच, की तो डॉक्टर प्रार्थनेला दगडाच्या खाणीतून जात असला पाहिजे. मी शिंपी माणूस, मला इंजिनातलं काही कळत नाही. पण गाडी म्हणजे शेवटी पत्र्याचा कोटच, आणि कोट कुठे उसवलाय ते मला लांबून दिसतं. बॉनेट एका चंदेरी रंगाचं, दारं दुसऱ्या आणि डिकी तिसऱ्या. एकाच ताग्यातलं कापड नाही ते. सांडलेल्या टाचण्या उचलायला माझ्याकडे एक लोहचुंबक आहे. ते बॉनेटला लावलं तर चिकटलं, डाव्या दाराला लावलं तर माझ्या पायावर पडलं. म्हणजे तिथे पत्रा कमी आणि खड्डे बुजवायला थापलेली लांबी जास्त. डिकीचं रबर वाळून गेलंय, त्यामुळे रस्त्यावरची लाल माती आत येते आणि गणवेशांचे गठ्ठे पांढरे ठेवले तर गुलाबी निघतात. पुढचा बंपर तारेच्या कच्च्या टाक्यांवर आहे. पुढच्या डॅशबोर्डला तडा गेलाय, त्यावर तेझीराने क्रोशाचा रुमाल घातलाय (पाहुण्यांना वाटतं हौस). छताचं आतलं अस्तर सुटून माझ्या डोक्यावर टेकायला लागलं, ते मी त्रेचाळीस टाचण्या लावून वर बसवलं. खड्डा आला की एखादी खाली येते. मागचं डावं दार आपण दिलंत त्या दिवसापासून उघडलेलं नाही. मागचं उजवं दार उघडायचं, पण फक्त बाहेरून. मागच्या काचांच्या बटणांत दिवा लागतो, काच हलत नाही.

हे सगळं मी चौदा महिने निमूटपणे सोसलं. पण गेल्या गुरुवारी, म्हणजे ज्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला आपण येणार होतात त्या दिवशी, माझा नाइलाज झाला. आपण येणार म्हणून त्या पहाटेच नवी पायघोळ बुसूती नेसून, कमरेचा रुंद पट्टा आवळून दारात बसल्या होत्या. हल्ली त्यांना समोरच्या माणसाचा आकार दिसतो, तोंड दिसत नाही. रस्त्यावरून येणारी प्रत्येक मोटारसायकल ऐकून त्या म्हणत, "हा सेंतोंगो नव्हे. त्याचं चाक असं वाजत नाही." दहा वाजले तेव्हा त्यांनी पडद्याआडून मला हाक मारली आणि विचारलं, "जावईबापू, तुमच्या गाडीत तेल आहे का?"

मेहुणेसाहेब, आपल्याला मी काय सांगावं? लग्नाला एकोणीस वर्षं झाली, सासूबाईंनी आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे नीट पाहिलेलं नाही, एका चटईवर बसलेलो नाही आणि हाताला हात लागू दिलेला नाही. लागला तर जावयाचे हात जन्मभर कापत राहतात असं आपल्या आज्यांनी सांगून ठेवलंय. दुसऱ्या कुणाचे कापले तर चहा सांडेल. माझे कापले तर सुईत दोरा जाणार नाही, आणि मग मी खाणार काय? एरवी मधे तेझीरा असते. ती नव्हती, आपण नव्हतात, आणि फाट्यावर गाडी ही एकच. तेव्हा मी एक चादर घेतली, पुढच्या आणि मागच्या बाकामधे छतापासून खालपर्यंत टाचण्यांनी लावली, आरसा आकाशाकडे फिरवला, मागचं दार उघडून केळीत जाऊन उभा राहिलो आणि शेजारणीने त्यांना बसवल्यावर परत आलो. पडद्याआडून गप्पा मात्र झाल्या. एकोणीस वर्षांत झाल्या नव्हत्या इतक्या. त्या म्हणाल्या, गाडी फार छान आहे, अगदी मऊ चालते. (त्यांना दिसत नाही हे मी सांगितलंच.)

मसाक्याच्या वेशीवर गतिरोधक आहे. तिथे चाक आदळलं आणि चादर खाली आली. नुसती चादर आली असती तर बरं झालं असतं. मी ती अस्तराला टाचली होती, तेव्हा तिच्यामागोमाग छताचं अख्खं अस्तरही आलं आणि आम्हा दोघांवर पसरलं. सासू आणि जावई एका पांघरुणाखाली! मी कसाबसा ब्रेक दाबला. मागून शांत आवाज आला, "जावईबापू, टाचण्या कमी पडल्या की अक्कल?" तेवढ्यात पोलीस आलाच. कापड उचलून म्हणाला, "कुणाला लपवून नेताय?" मी म्हटलं, "साहेब, सासूबाई आहेत." त्याने लगेच टोपी काढली, तीन पावलं मागे सरला आणि पाठ फिरवून म्हणाला, "मलाही एक आहे." मी पुढच्या बाजूने पुन्हा टाचण्या लावेपर्यंत तो माणूस मागची सगळी रहदारी अडवून उभा होता. बंपरच्या तारेबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी मी उतरलो, मागच्या उजव्या दाराची मूठ ओढली आणि मूठ माझ्या हातात आली. दार जिथल्या तिथे. काच हलेना. ऊन चढलेलं, आत सासूबाई. नर्स आली, पहारेकरी आला, चार मोटारसायकलवाले आले, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला काय करायचं ते सांगितलं. मी रिवाजाप्रमाणे वीस पावलांवर पाठ करून उभा राहिलो, मूठ हातात धरून. शेवटी सासूबाईंनी स्वतःच निर्णय घेतला: चादर बाजूला केली आणि त्या दोन बाकांच्या मधून पुढे यायला निघाल्या. सत्तर वर्षांची बाई, नेसूची बुसूती, आणि तो कमरेचा पट्टा हँडब्रेकमधे अडकला. नर्सने पुढच्या दारातून हात घातला, तो पोचेना. आतून हाका येत होत्या, आणि मला कळत होतं की बाई घाबरल्या आहेत. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, इकडे या. हात द्या."

मी म्हटलं, "आई, मी देऊ?"

"माझा हात म्हातारपणाने कापतोच आहे. तुमचा कापला तर कुणामुळे, ते कुणाला कळणार?"

मी हात दिला. हलका हात आहे हो त्यांचा, सुती दोऱ्याच्या रिळासारखा. बाहेर आल्यावर त्यांनी लगेच सोडला नाही. दवाखान्याच्या पायरीपर्यंत धरून होत्या, आणि मी दुसरीकडे बघत असलो तरी डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर सुई घेतली. एका खेपेत दोरा गेला. तरीही गाडीच्या या सर्व दोषांबद्दल आपल्यासारख्या जाणत्या व्यापाऱ्याने स्वतः येऊन पाहणी करावी, एवढंच नम्रपणे सुचवून पत्र आवरतं घेतो. सोबत सासूबाईंनी केळ्यांचा घड आणि तळलेल्या टोळांची पुडी दिली आहे. पुडी वाटेत हे पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्याने उघडली असेल तर त्याला माफ करा.

आपला आज्ञाधारक,
कावुमा, शिंपी

ता. क. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकला आहे, येत्या मंगळवारी काढायचा, आता थांबलं तर पुढे काही करता येणार नाही. नंतर महिनाभर दिवसातून चार वेळा खालची पापणी ओढून थेंब घालायचे. "हे तुमचे चिरंजीव घालतील ना?" असं माझ्याकडे बघून त्यांनी सासूबाईंना विचारलं, तेव्हा सगळा दवाखाना जमिनीकडे बघायला लागला. हात दिला ते ठीक, डोळ्याला बोट मी लावू शकत नाही. तेझीरा तीन आठवडे भरल्याशिवाय सुटणार नाही. नर्सला आणि शेजारणीला सासूबाईंनी साफ सांगितलंय, की पोटचं पोर थेंब घालणार असेल तर डोळा उघडा, नाही तर राहू द्या. तेव्हा सोमवारी संध्याकाळपर्यंत या.

आणखी एक. वरचा मजकूर मी लिहायचा नव्हता. सासूबाईंची सूचना अशी होती: "माझ्या डोळ्यांचं त्याला एक अक्षर लिहू नका. आई आजारी म्हटलं की तो लाजेने आणखी लांब पळतो. गाडीबद्दल लिहा. त्याच्या गाडीला नावं ठेवली की तो जेवण टाकून येईल." मी गाडीबद्दलच लिहीत होतो. मधे राहवलं नाही.

आणखी. येताना दुरुस्तीची हत्यारं आणू नका. मूठ त्याच संध्याकाळी बसवली, चारही दारं उघडतात, छताला निळ्या गणवेशाच्या कापडाचं अस्तर शिवून लावलंय. फाट्यावर इतकी चांगली गाडी दुसरी नाही (दुसरी गाडीच नाही). अक्षर थरथरलेलं आहे ते पत्र बॉनेटवर ठेवून, इंजिन चालू असताना लिहिलं म्हणून. ते एकदा बंद केलं की लवकर सुरू होत नाही.

शेवटचं. काल सासूबाई अंगणात गाडीवरून हात फिरवत होत्या. रंग कोणता आहे, विचारलं. मी म्हटलं, चंदेरी. त्या म्हणाल्या, "बुधवारी पट्टी सुटली की स्वतः बघेन, माझ्या पोराने तुम्हाला फसवलंय का ते." मेहुणेसाहेब, बुधवारी गाडी दवाखान्याच्या दाराशीच लावीन. पट्टी सुटेल तेव्हा आपण बरोबर गाडीपुढे उभे राहा. मग त्यांना गाडी दिसायची नाही.