तीन टक्के हिरवा

२ जुलै

चि. टकळीस,
मावशीचे भरभरून आशीर्वाद. पत्रास कारण असं आहे, जे आईला सांगायचं नाही. ती हसेल.

आमच्या रंगखात्यात नवीन यंत्र आलंय. बावीस वर्षं मी कापडाचा रंग हाताने कालवला. कापडाच्या वजनाच्या इतके टक्के रंग, असं चिठ्ठीवर असायचं आणि जुने मिस्त्री माप काढून द्यायचे. ते आता निवृत्त झाले, आणि यंत्राला टक्के कळत नाहीत म्हणे. त्याला दशांशात आकडा भरून द्यायचा, मग ते आपलं आपण हौदात रंग सोडतं. ज्यांना जमेल त्या यंत्रावर, बाकीच्या वाळवणीत. सोबतच्या मुली तिशीच्या आतल्या. त्यांना विचारायला माझी जीभ रेटत नाही.

तुझी आई जन्मली तेव्हा तुझी आजी अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा पाचवीत सुटली. टक्के सहावीत असतात ना? माझी आणि त्यांची चुकामूक झाली ती झालीच. तू आता सहावीत आहेस, तर मला शिकव. फोनवर नको, फोनवरचं माझ्या या कानातून शिरून त्या कानातून जातं. कागदावर लिही, एप्रनच्या खिशात ठेवता येईल.
तुझीच, मावशी

७ जुलै

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार. (दप्तर पाठीवर होतं, म्हणून अर्धाच झाला.)

तू माझी विद्यार्थिनी झालीस, तेव्हा आता मी म्हणेन ती पूर्व दिशा. टक्के म्हणजे शंभरातले किती. युक्ती सोपी आहे. टक्क्याची खूण पुसायची आणि आकड्याच्या आधी शून्य आणि टिंब लावायचं. पंचवीस टक्के म्हणजे ०.२५. चाळीस टक्के म्हणजे ०.४०. झालं! बाई फळ्यावर पायऱ्या लिहीत असतात तोवर माझं उत्तर तयार असतं.

मागच्या पानावर दहा उदाहरणं दिलीत. खाडाखोड केलीस तर गुण कापीन. आईला काही सांगितलं नाही, पण ती सारखी माझ्या वहीत डोकावते.
तुझी भाची आणि गुरू, टकळी

१९ जुलै

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद, आणि गुरूला वेगळा नमस्कार. दहापैकी दहा आले, हे तुझ्याच अक्षरात वाचून मी कागद शेजारणीला दाखवून आले.

रंग कापडाला धरावा म्हणून हौदात मीठ आणि सोडा घालतात. मीठ चाळीस टक्के, सोडा पंधरा टक्के. साहेबांनी चार दिवस तेवढेच आकडे मला भरायला दिले. एकही चुकला नाही. सोमवारपासून रंगाचे आकडेही माझ्याच हाती. साहेबांनी मान डोलावली. बावीस वर्षांत मी ती फक्त आडवी हललेली पाहिली होती.
माया आहेच, वाढती राहू दे. मावशी

९ ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार. तीन आठवडे तुझं पत्र नाही.

आज चाचणीचा पेपर मिळाला. वीसपैकी अकरा. दोन आकडी टक्के सगळे बरोबर, एक आकडी सगळे चूक. सात टक्के म्हणजे मी ०.७ लिहिलं होतं. बाईंनी शेजारी लाल शाईने विचारलंय, मग सत्तर टक्के म्हणजे किती? मी लिहून पाहिलं. सत्तरही ०.७० च होतात. सात आणि सत्तर एकच कसे असतील?

खरं असं आहे. शंभराने भागायचं, म्हणजे टिंब डावीकडे दोन घरं सरकतं. जे घर रिकामं राहील तिथे शून्य बसवायचं. सात टक्के म्हणजे ०.०७. अर्धा टक्का म्हणजे ०.००५.

आधी मी गुणांसाठी रडले. मग माझं पत्र तुझ्या खिशात आहे हे आठवलं. तू ते वापरलंस का? खरं सांग.
टकळी

१४ ऑगस्ट

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद. खरं विचारलंस, म्हणून खरंच सांगते. वापरलं.

दवाखान्याच्या पडद्यांचं कापड होतं, तीन टक्के हिरवा. मी ०.३ भरलं. रंगाची धार थांबेना. हात सांगत होता, एवढा रंग लागत नाही. पण मनाने म्हटलं, लिहिलेलं आहे, यंत्राचं आहे, आपल्याला अडाण्याला काय कळतं. यंत्र बंद करायचं बटण दाबेपर्यंत कापड शेवाळासारखं काळपट झालं होतं. हे कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, माझं मीच. तेव्हापासून वाळवणीत आहे.

तुला लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर खोटं लिहावं लागलं असतं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझी चूक कागदावरची होती. माझा हात ओरडत होता आणि मी ऐकलं नाही, ती माझी. वेळेवर जेव. आईला कळू देऊ नकोस.
मावशी

१८ ऑगस्ट

ती. मावशीस,
नमस्कार. आईला सांगितलं. ती हसली नाही. तुझं पत्र तिने दोनदा वाचलं. मग माझ्या शेजारी येऊन तिने चुकलेली नऊच्या नऊ उदाहरणं माझ्याकडून पुन्हा करून घेतली, आणि तुझ्या कारखान्याचा पत्ता लिहून दिला.

मी साहेबांना पत्र लिहिलंय, चाचणीचा पेपर जोडून. चुकीचं मी शिकवलं, असं कळवलंय. मावशीला शिकवलं तसं ती अगदी बिनचूक करते, म्हणूनच कापड बिघडलं. आता बरोबर शिकवलंय, तर तुम्ही स्वतः तिची परीक्षा घ्या. रागावणार असलीस तर रागाव, पण पत्र पेटीत पडलंय.
टकळी

२९ ऑगस्ट

चि. टकळीस,
तुला आशीर्वाद किती द्यावेत, ते या खेपेला दशांशात मावत नाही.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर तुझा पेपर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बसा म्हटलं नाही, एकदम साडेतीन टक्के विचारले. मी ०.०३५ सांगितलं. मग पाव टक्का. मी बोटांवर घरं मोजली. पाव म्हणजे ०.२५, टिंब आणखी दोन घरं डावीकडे. ०.००२५ म्हटलं. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं. मग विचारलं, धार थांबेना तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं का? मी म्हटलं, हाताला कळलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “मग पुढच्या वेळी आधी बटण दाबा, आणि मला हाक मारा.”

परवापासून यंत्रावर आहे. यंत्र सुरू करण्याआधी किती किलो रंग पडेल ते मी अंदाजाने खडूने लिहिते, मगच आकडा भरते. अजून तरी दोन्ही जुळतायत.

आता तुला काम. त्या तिशीच्या आतल्या मुलींपैकी दोघी काल चहाच्या सुट्टीत हळूच जवळ आल्या. त्याही इतके दिवस एकमेकींचं बघूनच भरत होत्या म्हणे. आणि कापडाच्या गाड्या ढकलणारी एक आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिलाही शिकायचंय, पण भीती वाटते. तिने विचारलं, शिकवणाऱ्या बाई रागावतात का? मी सांगितलं, बाई अकरा वर्षांच्या आहेत, रागावतात खूप, पण चुकल्या तर स्वतःहून कळवतात.

ती म्हणाली, मग बसते मी.

उदाहरणं लवकर पाठव. चौघींसाठी.
तुझीच, मावशी