न भाजणारे हात

आई,

माझा उजवा खांदा गेला. गेला म्हणजे जागेवरच आहे, सुजून नारळाएवढा झालाय, पण आतला सांधा झिजून त्याचा चुरा झाला. गंमत म्हणजे दुखत नाही. हात उचलला की आत करकर वाजतं, तेवढंच. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही रडत कशा नाही?" मग डोळे मिटायला सांगून हाताला कापूस लावला. तो कळला. गरम पाण्याची नळी लावली, गार पाण्याची लावली. मला दोन्ही सारख्याच. मानेतल्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाली आहे म्हणाले, बरीच जुनी. तिच्यामुळे दुखणं आणि गरम-गार कळेनासं झालं, आणि दुखत नाही म्हणून मी मोडेपर्यंत खांदा राबवला. "भाजलेलं कळत नाही, असं कधीपासून?"

मला आपल्या पार्शे गावातलं, घरापुढचं खळं दिसलं. काजूच्या बिया नुकत्या भाजून झाल्यात, चटका नि चीक लागू नये म्हणून बायका हातांना राख चोळून त्या फोडतायत, आणि लग्नाआधीची मी बिनराखेची, गरमागरम बिया फोडत सुटलेय. तू शेजारणींना सांगतेस, "माझ्या चेडवाच्या हातांक उजो लागना गो!" बोटांवर फोड आले की खोबरेल लावायचीस आणि पुन्हा तेच सांगायचीस, पोरीच्या हातांना विस्तव लागत नाही म्हणून. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलंस! राग नाही गं. काजूवर जगणाऱ्या घरात असे हात म्हणजे देवीची कृपा, त्याला आजार कोण म्हणणार? मीही मिरवलंच की.

सोमवारी मानेचं ऑपरेशन आहे. खांदा परत मिळायचा नाही, पण थांबले तर बोटंही जातील, आणि माझा काजूचा धंदा बोटांवर चालतो. तुझा जावई घाबरलाय. मी नाही. "बसल्या जाग्यार हुकूम सोडतलंय," असं सांगून टाकलं त्याला.

हे तुला पोचायचं नाही आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून एक लिहिते. तू गेलीस त्या दुपारी मावशी म्हणाली, "हात गार पडले गो तिचे." तुझा हात माझ्याच हातात होता. मी तिच्यावर ओरडले, कारण मला तो रोजच्यासारखाच लागत होता. लोकांनी तुला उचलेपर्यंत तू अजून आहेस असंच मी समजत होते.