ओरुरोचे फोटो विकू नयेत

मी, नूतन हरिचंद्र भोईर, वय एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार बदलापूर पूर्व, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत आहे. कोणाचा दबाव नाही, असे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे. माझा भाऊ भूपेश रोज फोन करतो. मी तो जुमानलेला नाही.

१. बदलापूरचा फ्लॅट भूपेशचा मुलगा सोहम यास मिळावा. मी लग्न केले नाही. त्याला अंगाखांद्यावर वाढवले. यात बदल नाही.

२. अंबरनाथचा स्टुडिओ आणि सर्व कॅमेरे माझी सहकारी वेणू पाटील हिला मिळावेत. सोहमला यातले काही नाही. उद्या कोर्टात मला कोणी वेडी ठरवू नये म्हणून कारण लिहिते.

मागच्या वर्षी मी बोलिव्हियातल्या ओरुरोचा कार्निव्हल टिपायला गेले. शिंगांचे मुखवटे, भरजरी झगे घालून माणसे दिवसभर नाचतात. शेवटी गुडघ्यांवर चालत चर्चमध्ये जातात आणि मेरीमातेपुढे मुखवटा उतरवतात. रोसालिया नावाच्या बाईचा नवस होता. मुखवटा उतरवला तेव्हा ती रडत होती. मी फोटो दाखवून, ठेवू का, असे विचारले. मोबाइलवर भाषांतर करून ती म्हणाली, "तुझ्याकडे ठेव. विकू नको." मी शब्द दिला.

यंदा गणपतीआधी तोच चेहरा उल्हासनगरात एका बारच्या बॅनरवर दिसला. शेजारी बीअरची बाटली. सोहमने फोटो परस्पर विकला होता.

"आत्या, ती बाई काय बोलिव्हियावरून केस करायला येणारे?" तो म्हणाला.

मी आणि वेणू शिडी घेऊन गेलो. मी कटर चालवताच बारची माणसे धावली. एकाने शिडी हलवली. "ए म्हातारे, उतर, नायतर पाडतो!" वेणूने शिडीला मिठी मारली. मी चेहरा पूर्ण कापून काढला, तेव्हाच त्यांनी मला खाली ओढले. उजवे मनगट मोडले. सोहम रस्त्यापलीकडे बाइकवर बसून बघत होता. आला नाही.

३. ओरुरोचे सर्व फोटो वेणूने सांभाळावेत, कोणत्याही किमतीला विकू नयेत.

४. माझ्या मागे चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावू नये. सोहमला माझा फोटो छापायचाच असेल, तर मी जिवंत आहे तोवर घरी येऊन मला विचारावे. दिवसा दाराला आतून कडी नसते.

सही (डाव्या हाताने, मला मान्य): नूतन हरिचंद्र भोईर

आमच्यासमोर सही केली:
सगुणाबाई म्हसकर, शेजारी
डॉ. धर्मराज गायकवाड

बदलापूर, १४ सप्टेंबर २०२५