ट्रकचं नाक

१८ एप्रिल २०१२
डाव्या हातानं लिहितोय. डॉक्टर म्हणाले रोज चार ओळी लिहा, हात वळेल. अक्षर मलाच लागत नाही.
सुरेश दुपारी आला, जेवला नाही. काल दरेकसाच्या घाटात गाडी दमली. तांदळाचे कट्टे भरलेले, वळणावर ओढच गेली, ब्रेक दाबला तरी मागं सरकायला लागली. मोहफुलं वेचणाऱ्या बाया होत्या बाजूला. त्यांनी टोपल्या टाकून चाकांमागं गोटे लावले. मागं दरी.
गाडी माझी. लकवा झाला तेव्हापासून धाकटा भाऊ सुरेश चालवतो. मीच म्हटलं होतं, चालव.

१९ एप्रिल
सुरेश : "दादा, मी त्या घाटात नाही जात आता."
डोंगरगडच्या व्यापाऱ्याचा माल घाटातूनच जातो. देवरीवरून फेरा मोठा पडतो. हे त्याला सांगायचं होतं. बोललो तर अर्धं तोंडातच राहते.

२१ एप्रिल
गोंदियाचा मिस्त्री येऊन गेला. मागच्या महिन्यात मिलच्या शेडला घासून एअर फिल्टरचा डबा फुटला होता, तेव्हा यानंच नुसता फिल्टर बोनटखाली टर्बोजवळ बसवला. आता म्हणतो, "भैया, ओरिजिनल डिब्बा नहीं मिलेगा, पुराना मॉडल है. चलने दो."
कसं चालेल? बाहेर हे असं ऊन, अन् फिल्टर ओढून राहिला इंजिनाचीच गरम वाफ. गरम हवेत जीव नसतो. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो कितीही फिरला तरी इंजिनाला दम कुठून येणार.
डबा घरीच करायचा. फिल्टरभोवती पत्र्याची पेटी, अन् तिचं नाक बोनटच्या बाहेर, थंड हवेत. मनात सगळं दिसते.

२३ एप्रिल
मागच्या अंगणातला जुना कूलर काढला. पंखा जळलेला, पत्रा चांगला आहे. माझी बायको निर्मला म्हणाली, "उन्हाळ्यात कूलर मोडते का कोणी?" म्हटलं, तो गार तरी कुठं करत होता.
कात्री धरली. उजव्या हातातून पडली. परत धरली, परत पडली.
मग निर्मलानं कापलं. मी खाटेवर बसून सांगत होतो, डावीकडे, उजवीकडे. रेघ वाकडी गेली. मी ओरडलो. ती कात्री ठेवून म्हणाली, "तुमी सांगून राहिले तसंच कापून राहिली मी." आत गेली. भाजी टाकून परत आली अन् पुढचं कापलं.

२४ एप्रिल
तिच्या बोटाला पत्रा लागला. हळद लावली. मी फक्त बघितलं.

२७ एप्रिल
पेटी उभी राहिली. कडेला जुन्या ट्यूबचं रबर. सुरेशनं रिबीट ठोकले, पण मन नाही त्याचं. मधेच थांबतो, फाटकाकडे पाहत राहतो.
इंजिन सुरू करायला लावलं. पेटीतून टर्बोकडे जाणारा पाइप किती तापतो ते बघायला हात लावला. वास आला. मग निर्मला धावली, माझा हात ओढला. उजवा हात टर्बोला टेकला होता अन् मला काहीच लागलं नव्हतं. तळव्याला मोठा फोड.
यापुढं गरम का थंड, हे दुसऱ्याला विचारायचं.

२ मे
आमगावपर्यंत रिकामी नेली. काळा धूर, ओढ पहिल्यापेक्षा कमी. नाक अरुंद पडलं. टर्बोला जेवढी हवा लागते तेवढी त्यातून जातच नाही.
सुरेशनं पेटी काढून अंगणात ठेवली. आपटली नाही, हळूच ठेवली. ते जास्त लागलं. म्हणाला, "राहू दे नं दादा आता."
माझा पाय चालता तर मीच नेली असती. पायाला बरोबर कळायचं गाडीला काय पायजे ते.

४ मे
निर्मला झाडताना पेटीपाशी थांबली. "कूलरले तीन बाजूंनी हवा लागत होती. याले एकच नाक काऊन?"
मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

७ मे
एक नाक मोठं केलं, दुसरं रेडिएटरच्या बाजूनं काढलं. दोन्हींच्या तोंडाला जाळी. इंजिनाच्या अंगाला गोणपाट अन् वरून पत्रा, म्हणजे आच लागणार नाही.

९ मे
भर दुपारी अंगणात इंजिन चालू ठेवलं. निर्मलाला म्हटलं, पेटीवर हात ठेव. सांग.
ती बराच वेळ हात ठेवून उभी राहिली. "कोमट आहे. भाजत नाही."
मग मलाही गाडीत बसवलं. शेजारच्या दोघांनी बगलेत धरून वर चढवलं. ज्या पायरीवर मी उडी मारून चढायचो. क्लीनरच्या बाजूला बसलो. सालेकसा रोडच्या चढावर सुरेशनं पाय दिला अन् टर्बोची शिट्टी ऐकू आली. पहिलीसारखी. गाडीनं ओढलं.
डोळ्यात पाणी आलं. लकव्यानंतर तसंही येते, म्हणून कोणी विचारलं नाही.

१२ मे
सुरेशला म्हटलं, आता घाटाचं भाडं घ्यायला हरकत नाही.
तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी वाकूनच राहिला. म्हणाला, "दादा, गाडीचं बरं झालं. माह्यं नाही झालं."
मी काय करू. पत्रा कापता येतो, दुसऱ्याच्या हातानं का होईना. याला काय लावू?

१५ मे
सुरेशची बायको येऊन बसली होती. झोपेत पाय दाबतो म्हणे, ब्रेक दाबल्यासारखा. "भाऊजी, तुमी सांगा नं त्यायले." काय सांगू, जा सांगू की नको जाऊ? मान हलवली. तिला काय समजलं कोण जाणे.

१७ मे
व्यापाऱ्याचा माणूस आला. माल उचला, नाहीतर दुसरी गाडी लावतो. सुरेश म्हणाला, उचलतो. माझ्याकडे पाहिलं नाही.

१९ मे
सकाळी गेला. भरलेली गाडी. मी उठून दारात येईपर्यंत वळली होती.
निर्मलाला विचारलं, काय म्हणाला?
"काही नाही. जेवणाचा डबा घेतला. बोनट उघडून पेटी हलवून पाहिली, अन् गेला."
घाटातून गेला की देवरीवरून, माहीत नाही. फोन लावला, लागत नाही. घाटात रेंज नसते. देवरीच्या जंगलातही नसते.
कोणत्या रस्त्यानं जावा असं मला वाटते, ते मलाच सांगता येत नाही.
आता तीन वाजून गेले. निर्मला परत फोन लावून पाहते आहे.