पाळण्यातली मोकळी जागा

३० मार्च २०२५, रविवार

आणि मी उठलो. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच. पुण्याचा गायक माइकवरून म्हणत होता, "काय उस्मानाबादकर — सॉरी, धाराशिवकर! झोपलात का?" लोक हसले. टाळ्या वाजवल्या! दारात कुणीतरी विचारलं, "निघालात, सर?" घसा दुखतोय म्हणालो. ऐकायला घसा कशाला लागतो?

पाडव्याचा कार्यक्रम. पडद्यावर 'मराठवाड्याची लोकगाणी' असं लिहिलेलं. त्यात इथला आवाज एकच — जनरेटरचा.

३१ मार्च, सोमवार

ईद. गफारकडं शीरखुर्मा. आमच्या गल्लीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत त्याचे केस पिकले. यंदा भीमजयंतीला डीजे येणार, ही बातमी त्यानंच दिली.

"ढोलकीला प्लग न्हाय ना प्रेमाभाऊ. तिथंच मार खाल्ला."

स्वतःच हसला. मांडीवर नातू, नाव माज. दोन महिन्यांचा. "पर पाळण्यात ह्याचं नाव आलं पायजे हां. आत्याला आठवण कर."

आत्यांना आठवण करावी लागत नाही. जयंतीच्या संध्याकाळी पुतळाआत्या, साऱ्या गल्लीच्याच आत्या, बाबासाहेबांचा पाळणा म्हणतात. शेवटच्या कडव्यात गल्लीत वर्षभरात जन्मलेल्या मुलांची नावं घालतात. नाव आलं की आई पुढं होते आणि बाळाला पाळण्यात क्षणभर टेकवते. तेच बारसं. नाव घरात ठरलेलं असलं तरी तोवर गल्लीत बाळाला नुसतं बाळ म्हणायचं. गफारची गल्ली पलीकडची, पण त्याच्या घरची मुलंही याच पाळण्यात टेकली. माझी लेक पौर्णिमासुद्धा. आता ती बाळंतपणाला आली आहे.

२ एप्रिल, बुधवार

आत्यांचा पाळणा फोनवर रेकॉर्ड केला. पाडव्याचा तो कार्यक्रम डोक्यातून जात नव्हता. आत्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. उद्या हा आवाज कुठून आणायचा?

पौर्णिमाच्या खोलीत बसवलं. पंखा बंद केला, त्याची घरघर येत होती.

"यंत्र चालू हाय व्हय? मग खोकू का नगं?"

"खोका, आत्या. नंतर काढता येतं."

"खोकला काढतावं? आन् मग दम लागला तर त्यो बी काढशाल!"

गायल्या. दम लागला तिथं थांबल्या, पण सूर जिथं सोडला तिथंच पुन्हा धरला. शेवटी नावं — आरुष, तनिष्का, माज. मग दोन श्वास गप्प राहिल्या आणि पुढं गेल्या.

का थांबलात, विचारलं. त्यांनी पौर्णिमाच्या पोटाकडं बोट केलं. "हिच्या लेकरासाठी जागा सोडली. येऊ दे, मग त्या दिवशी घालते."

रात्री तीनदा ऐकलं. ही दोन श्वासांची जागा कुठल्याच पुस्तकात मला भेटली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

जयंती समितीचा अध्यक्ष संघपाल. माझाच विद्यार्थी. त्याला रेकॉर्डिंग पाठवलं. त्याला कळावं, डीजेपुढं आपल्याकडं काय आहे ते. लगेच उत्तर आलं — "सर, कडक!!"

६ एप्रिल, रविवार

मुलगी. पहाटे. दोघी बऱ्या आहेत.

९ एप्रिल, बुधवार

विहारात बैठक. आधी माझं रेकॉर्डिंग लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "सरांमुळं आपला ठेवा जपला गेला," असं संघपाल म्हणाला. मला बरं वाटलं — हे लिहून ठेवतो.

मग म्हणाला, "डीजेवाल्यानं त्याच्यावर बेस टाकलाय. एक नंबर झालंय. आता आत्याला कशाला तरास द्यायचा? दम लागतो त्यांना."

शिवकांता अंगणवाडीत असते. ती एकटी बोलली. "आन् पौर्णिमाच्या पोरीचं नाव? ते न्हाय त्याच्यात."

"पुढच्या वर्षी घेऊ की, ताई."

"पुढच्या वर्षी ती पळत यील. पाळण्यात उभी करायची का तिला?"

लोक हसले. संघपाल माझ्याकडं वळला. "सर, तुमची काय हरकत?"

मी म्हणालो, "बघू."

आमच्या गल्लीत बघू म्हणजे हो. मला हे माहीत आहे.

१० एप्रिल

आत्यांना कुणी सांगायचं? सगळे म्हणाले — सर सांगतील.

१२ एप्रिल, शनिवार

नळदुर्ग. कॉलेजच्या लोकांबरोबर. पाणीमहाल कोरडा. लोक कोरड्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढत होते, पावसाळ्यात इथं धबधबा कसा दिसतो ते एकमेकांना सांगत होते. मीही सांगितलं. यायचं काही कारण नव्हतं. घरी थांबलो असतो तर आत्यांकडं जावं लागलं असतं.

१३ एप्रिल

नाही गेलो.

१४ एप्रिल, सोमवार

आत्या आल्या. धुतलेलं पांढरं लुगडं, केस चापून बसवलेले. पाळण्याची दोरी हातात घेतली, घसा साफ केला. तेवढ्यात डीजेच्या ट्रकवरून त्यांचाच आवाज सुरू झाला.

आत्यांचं तोंड उघडंच होतं. वर पाहिलं, मग माइकवाल्याकडं. गफार त्यांच्या शेजारी रिकाम्या हातानं उभा होता. त्यानं मला नंतर सांगितलं की त्या म्हणाल्या, "म्या अजून म्हणलंच न्हाय की."

बेसनं पत्रे थरथरत होते. आरुष. तनिष्का. माजला पाळण्यात टेकवलं तर तो काळानिळा होईतो रडला. पौर्णिमा दारात, आठ दिवसांच्या बाळाचे कान दाबून. मग ती जागा आली. आत्या पौर्णिमाकडं वळल्या. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले.

त्या जागेत डीजेवाल्यानं भोंगा टाकला होता. पोरं उड्या मारायला लागली.

संघपालनं आत्यांचे पाय धरले. "आत्या, हिट झालाव तुमी!"

"कुणी दिलं रं हे तुला?"

त्यानं माझ्याकडं बोट केलं. कौतुकानं.

आत्यांनी दोरी त्याच्या हातात दिली आणि घरी गेल्या. मी ट्रकजवळच उभा राहिलो. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी पुतळाआत्या आल्या. हातपाय धुतले. पौर्णिमाच्या खोलीकडं निघाल्या. मी मागोमाग गेलो तर उंबऱ्यात थांबल्या, मला म्हणाल्या, "तू भाईर बस, प्रेमा."

दार लावून घेतलं. आतला पंखा थांबला. मग दारामागून पाळण्याचा सूर आला, शब्द कळले नाहीत.

चहा न घेता गेल्या. नातीचं नाव मी अजून विचारलेलं नाही.